महापालिकेची धूर फवारणी आणि ताईंचं रजिस्टर: एकाला दीड स्टार, दुसऱ्याला साडेचार

हा रिव्ह्यू आमच्या प्रभागातल्या धूर फवारणीचा आहे, फॉगिंगचा. हसू नका. वडापावच्या गाडीला आपण स्टार देतो, सलूनला देतो, पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला देतो, मग ज्या सेवेचे पैसे घरपट्टीतून आगाऊ भरून बसलोय तिला का नाही द्यायचे. महापालिका कुठली ते लिहीत नाहीये, एक तर मला इथेच राहायचंय आणि दुसरं म्हणजे वाचताना तुम्हाला ती तुमचीच वाटणार आहे.

मी कोण, तर ३६ फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे त्या मीटिंगला मी गेले नव्हते म्हणून मला केलं. नोकरी ऑडिटमधली, २० वर्षं लोकांची रजिस्टरं तपासतेय, त्यामुळे कुठेही कॉलम आखलेला कागद दिसला की माझी नजर आधी खालच्या बेरजेवर जाते. ही खोड पुढे कामाला आली म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर सेवा अशी मिळते. संध्याकाळचे पावणेसात, कुकरची दुसरी शिट्टी झालेली, आणि खालून तो आवाज येतो, सायलेन्सर फाटलेल्या बुलेटसारखा. सगळ्या बिल्डिंगमध्ये एकदम खडखडाट, ३६ घरांच्या स्लायडिंग खिडक्या धडाधड बंद. पोरं धुरात पळतात, आया गॅलरीच्या काचेआडून ओरडतात जे खाली कुणालाच ऐकू जात नाही. खांद्याला मशीन अडकवलेला मुलगा, तोंडाला रुमाल बांधलेला, मास्क वगैरे काही नाही, गेटपासून पार्किंगपर्यंत येतो, एक गोल मारतो, ड्रेनेजच्या झाकणापाशी जरा जास्त वेळ थांबतो आणि समोरच्या सोसायटीत जातो. मी घड्याळ लावून बघितलंय, चार मिनिटं. मधेच कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं आणि आमच्या घरातला डिझेलचा वास जायच्या आत तो फोटो ग्रुपवर येतो, डास निर्मूलन मोहीम, खाली हात जोडलेले माजी नगरसेवक. निवडणुका रखडलेल्या होत्या ना मधे, तेव्हा महापालिकेत प्रशासक बसले होते, तरी धुराच्या फोटोवर माजी साहेब होतेच.

तत्परतेला पैकीच्या पैकी मार्क. पाण्याची तक्रार केली तर तीन दिवस फोन फिरत राहतो, रस्त्याच्या खड्ड्याचं तर बोलूच नका, पण धूर मात्र आज सांगितला की उद्या हजर. मला आधी वाटायचं वा, एक तरी खातं चालतंय.

मग आमच्याकडे डेंग्यू आला. गौरी गेल्या त्या रात्री मुलाला ताप चढला, आठवीत आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये एनएस-१ ची झटपट वाली टेस्ट केली, पॉझिटिव्ह. पुढचे सहा दिवस रोज सकाळी प्लेटलेट्स. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहितीये, त्या दिवसात माणूस शेअर बाजार बघावा तसा तो एकच आकडा बघत असतो. पपईच्या पानांचा रस घेऊन दोन शेजारणी आल्या, एकीने किवी आणले, ड्रॅगन फ्रूट तर त्या आठवड्यात आमच्या भाजीवाल्याने सोन्याच्या भावाने विकलं. डॉक्टर म्हणाले पाणी पाजत रहा, पॅरासिटामॉल द्या, दुसरी पेनकिलर चुकूनसुद्धा नको, बाकी रस-बिस तुमच्या समाधानासाठी. पोरगा सुधारला. आमच्या गल्लीत त्या महिन्यात माझ्या माहितीतली सहा घरं झाली.

आणि इथून माझी सटकायला सुरुवात झाली, कारण वॉर्ड ऑफिसला फोन केला तर कळलं आमच्या गल्लीत डेंग्यूचा एकही रुग्ण नाही. शून्य. सहा घरांत सलाइनच्या बाटल्या आणि कागदावर गल्ली ठणठणीत. कारण काय तर सरकारी हिशोबात एलायझा पद्धतीची (मोठ्या लॅबमध्ये होणारी, जास्त खात्रीची) टेस्ट पॉझिटिव्ह आली तरच तो डेंग्यू, झटपट टेस्टवाले सगळे 'संशयित'. आता ह्यात दम आहे हे मला नंतर पटलं, त्या झटपट पट्ट्या चुकतातही, आणि उद्या कुठल्याही पट्टीवर आकडे धरायला लागलो तर आकड्याला अर्थ उरणार नाही. पण मग संशयितांचं रक्त एलायझाला पाठवायची जबाबदारी कुणाची? लॅबवाला म्हणतो माझी नाही, डॉक्टर म्हणतात आम्ही फॉर्म भरला, ऑफिस म्हणतं आमच्याकडे फॉर्म आला नाही. म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर जो आकडा जातो तो गल्लीतल्या तापाचा नसतोच, गल्लीतून कुणाचं रक्त कुठपर्यंत पोचलं त्याचा असतो.

फोनचा परिणाम म्हणून दुसऱ्या दिवशी काय झालं ओळखा. धूर आला. डबल.

ह्या मधल्या काळात माझी भाची, मेडिकल कॉलेजात पीएसएमला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात, पीजी करतेय, ती मुलाला बघायला आली होती. ती गॅलरीत उभी राहून धूर बघत होती आणि हसत होती. म्हणाली मावशी तू खिडकी का लावलीस? म्हटलं धूर आत येतो ना. तर म्हणे तो आत यावा म्हणूनच सोडतात, बाहेर पार्किंगमध्ये कुठला एडिस बसलाय तुझी वाट बघत.

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी तोंडात बोट घालायची बाकी होते. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, हा घरातला डास आहे. दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि ऊन उतरताना. आराम कुठे करतो तर पलंगाखाली, पडद्यामागे, दाराला लटकवलेल्या कपड्यांत, अंधाऱ्या कोपऱ्यात. अंडी घालतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, गटारात नाही. रात्री कानाशी गुणगुणणारा, गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा तो क्युलेक्स, ते वेगळं खानदान. म्हणजे तो मशीनवाला मुलगा रोज इमानेइतबारे ड्रेनेजच्या झाकणावर जो जास्तीचा धूर मारत होता तो डेंग्यूच्या डासाच्या घरी पोचतच नव्हता, आणि जिथे पोचायला हवा तिथल्या खिडक्या आम्ही स्वतःच्या हाताने लावून घेत होतो. धुरात औषध किती तर मॅलॅथिऑन वापरत असतील तर १ भाग औषध आणि १९ भाग डिझेल, आणि ते काम करतं हवेत तरंगतंय तेवढ्या वेळापुरतं, उडणारा डास त्या ढगात सापडला तर मेला. पाण्यातल्या अळीला काही होत नाही. आठवडा-दहा दिवसात अंड्याचा डास होतो, म्हणजे आज पिंपात अळ्या असतील तर परवापासून नवीन बॅच उडायला तयार.

मला खरं वाटेना, कारण इतकी वर्षं इतके लोक इतका धूर करतायत ते काय वेडे आहेत का. तिने मोबाइलवर पेपर काढून दिले, वाच म्हणाली, तुला आकडे आवडतात ना. २०१० चा एक आढावा आहे, जगभरातले घराभोवती धूर-फवारे मारण्याचे अभ्यास शोधून त्यातले १५ निवडलेले. निघालं काय, तर बऱ्याच ठिकाणी फवारल्यावर अळ्यांचे आकडे खाली येतात पण फार काळ टिकत नाहीत, काही ठिकाणी तर फरकच नाही, आणि माणसांचा डेंग्यू कमी झाला का हे ह्या १५ पैकी मोजलं फक्त एकाने, तेही असं की श्रेय एकट्या धुराला देता येईना. हे वाचून मी खरंच थांबले. आमच्याकडे एखाद्या क्लार्कने चहाचं बिल लावताना पावती जोडली नाही तर मी शेरा मारते, आणि इथे दरवर्षी डिझेल जाळायला एवढाच पुरावा.

धूर साफ निरुपयोगी आहे असं मात्र भाचीही म्हणाली नाही, म्हणून मीही म्हणत नाही. साथ पेटलेली असताना, रुग्ण सापडलेल्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत, आत शिरून पायरेथ्रम (घरात फवारायचं डासांचं औषध) मारलं तर विषाणू घेऊन उडणारे मोठे डास मरतात, तेवढ्यापुरता त्याला अर्थ आहे. पण तो पाहुण्यांसाठी काढायचा सेट आहे, आमच्याकडे रोजच्या चहाला वापरतायत. आणि आत शिरायला कुणी येत नाही, आम्हीही येऊ देत नाही, फरशी तेलकट होते ना.

आता ती दुसरी सेवा, जिला साडेचार स्टार. ही आमच्या प्रभागात कित्येक वर्षं चालू आहे आणि मला सेक्रेटरी असून माहिती नव्हती. मुलाच्या आजारपणानंतर आठव्या दिवशी बेल वाजली, दारात एक बाई, खाकी ॲप्रन, हातात टॉर्च, पळी आणि लांबट रजिस्टर. ब्रीडिंग चेकर म्हणतात त्यांना, घरोघरी डासांच्या अळ्या शोधणाऱ्या. मानधनावर असतात, पावसाळ्यापुरत्या घेतलेल्या, रोज पन्नास घरांचं टार्गेट. मी म्हटलं ताई आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे हो, आम्ही साठवून ठेवतच नाही. त्यांनी उत्तर नाही दिलं, सरळ किचनच्या गॅलरीत गेल्या, निळ्या पिंपाचं झाकण उचललं, टॉर्च मारली आणि मला म्हणाल्या ताई इकडे या. पाण्यात काही दिसेना. पिंपाला बोटाने टकटक केलं आणि वर असलेले सगळे दोरे, म्हणजे अळ्या, वळवळत खाली गेले. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. माझं पिंप, माझ्या मुलाच्या खोलीपासून चार पावलांवर. झाकणाला एक चीर होती, दिवाळीत फटाक्यांची पेटी ठेवल्यावर गेलेली, तेवढी डासांना पुरते.

अजून एक मला नवीन होतं. त्यांनी पाणी ओतायला लावलं आणि मग पिंप आतून घासायला लावलं, काथ्याने, पाण्याची रेघ असते तिथे जोर लावून. कारण अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात, पाणी ओतून दिलं तरी ती तशीच राहतात, कोरडी पडून महिनोन्महिने जिवंत, पुन्हा पाणी लागलं की सुरू. मी आयुष्यभर पिंप ओतत आलेय, घासत नव्हते.

तपासून झाल्यावर त्या जिन्यात बसून रजिस्टर भरायला लागल्या आणि माझे हात शिवशिवायला लागले. घर नंबर, तपासलेली भांडी, दूषित (म्हणजे अळ्या सापडलेली) भांडी, प्रकार, काय कारवाई केली. औषध टाकलं, रिकामं केलं, गप्पी मासे सोडले. अक्षर इतकं सुंदर की आमच्या ऑफिसच्या रोखपालाला दाखवावं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकोन, गोषवारा. मी पानं उलटली. कोरा. मागचं पान, कोरा. जूनपासून तेवीस पानं, एकाही पानाचा गोषवारा भरलेला नाही. म्हटलं ताई हे? म्हणाल्या ते साहेब भरणार असतं. आणि साहेब? ते धुराच्या गाडीच्या मागे असतात.

पुरावा नाही म्हणून वाईट निर्णय होतात असं मला वाटायचं. इथे पुरावा जिन्यात बसून निळ्या पेनाने रोज लिहिला जात होता, त्याची बेरीज कुणी करत नव्हतं.

मग काय, रविवार होता, केली. ताईंची परवानगी घेऊन फोटो काढले, घरी बसून एक्सेलमध्ये टाकलं. आमच्या बिल्डिंगमध्ये ३६ पैकी ५ घरं दूषित, म्हणजे १४ टक्के, भांडी ७. एक माझं पिंप, एक चेअरमन काकांनी गच्चीत पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं पसरट भांडं (काका ह्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पुण्याचं काम आहे म्हणाले, आहेच, पण रोज पाणी बदला ना), बाकी पिंपं आणि कुंड्यांच्या ताटल्या. ३०२ बंद आहे, मालक दुबईला, तिथे रजिस्टरमध्ये 'बंद' एवढंच. बंद फ्लॅटच्या कमोडमध्ये पण होतात म्हणे.

पण खरी गंमत पूर्ण प्रभागाची बेरीज केल्यावर दिसली. दूषित भांड्यांत सगळ्यात जास्त एकच वस्तू, पाणी भरून ठेवायची पिंपं. आणि गल्लीवार लावलं तर शाळेच्या मागची वस्ती एकदम वर, आम्ही बरेच खाली. त्या वस्तीत पाणी तीन दिवसांनी येतं. आमच्याकडे एक दिवसाआड. पलीकडच्या नवीन टॉवरमध्ये रोज येतं आणि तिथे ताईंना जवळजवळ काही सापडलेलंच नाही, जे सापडलं ते शोभेच्या कारंज्यात. ह्याला काय रॉकेट सायन्स लागतं का, नळ जितक्या उशिरा येतो तितकी पिंपं जास्त. आणि त्या वस्तीतल्या भिंतीवर आरोग्य खात्याने रंगवलंय, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. तीन दिवसांनी पाणी येणाऱ्या बाईला पिंप ओतून द्यायला सांगायचं. मी त्या भिंतीसमोर उभी राहून दोन मिनिटं बघत होते.

मग धुराचं वेळापत्रक मागितलं, ते लगेच मिळालं कारण त्यात डिझेलचे लिटर असतात, ते ऑडिटला लागतात. मेन रोड, आमच्यासारख्या सोसायट्यांचे गेट, बाग, दोन मंगल कार्यालयं. शाळेमागची वस्ती अख्ख्या सीझनमध्ये दोनदा. फोन कुठून येतात तिकडे गाडी जाते, अळ्या कुठे आहेत तिकडे नाही.

हे दोन्ही कागद घेऊन मी वॉर्ड ऑफिसला गेले, भांडायच्या तयारीने. साहेब भला माणूस निघाला. ड्रॉवर उघडून मला सरकारी मार्गदर्शक सूचना काढून दाखवल्या, त्यात अळ्यांवर भर द्या, फॉगिंग साथीच्या वेळी, हेच लिहिलेलं. म्हणाले मॅडम मला काय माहीत नाही का, हे मी तिन्ही माजी नगरसेवकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. एकाने अंगठा दाखवला आणि खाली विचारलं, मग उद्या गाडी किती वाजता. मी म्हटलं पिंपांचं काय, पाण्याचं? तर छताकडे बोट केलं. पाणीपुरवठा तिसऱ्या मजल्यावर बसतो. त्यांच्या टेबलावर डेंग्यूचा आकडा कधी जात नाही, आणि ह्यांच्या टेबलावर नळाचं वेळापत्रक येत नाही.

भाचीला हे सांगितलं तर तिने अजून एक पेपर पाठवला, आणि हा मला सगळ्यात आवडला. २०१५ चा. निकाराग्वामधलं मानाग्वा शहर आणि मेक्सिकोतला गेरेरो प्रांत, १५० वस्त्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा ७५-७५ वाटल्या. सरकारी औषध-धूर दोन्हीकडे जसा चालू होता तसाच. फक्त एका बाजूच्या ७५ वस्त्यांमध्ये एक गोष्ट जास्त केली, लोकांना त्यांच्याच घरातल्या अळ्यांचे आकडे नेऊन दाखवले, ह्या तुमच्या वस्तीत एवढ्या टाक्या दूषित, एवढ्या पोरांच्या लाळेत डेंग्यू होऊन गेल्याची खूण, आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. वरून नवीन औषध नाही. तर त्या बाजूला मुलांमध्ये नव्याने डेंग्यू होण्याचं प्रमाण साधारण ३० टक्के कमी भरलं. ३० म्हणजे जादू नाही, पण गोषवारा लोकांच्या हातात देऊन पुढचं काम त्यांच्यावरच सोपवल्याचे ३०.

तुम्ही म्हणाल परदेशातलं सांगू नका. बरं. मुंबईत १९०८ साली परळच्या प्रयोगशाळेतल्या लिस्टन नावाच्या डॉक्टरने शोधलं की शहरातला मलेरिया विहिरी आणि टाक्यांमध्ये वाढणाऱ्या ॲनॉफिलीस स्टिफेन्सी डासामुळे होतो, १९११ ला बेंटलीने मोठा अहवाल दिला, आणि महापालिका विहिरी बुजवा नाहीतर झाकण घाला म्हणून मागे लागली. लोक चिडले, पूजेला, विधीला उघड्या विहिरीचं पाणी लागतं म्हणून भांडणं झाली, माझे चेअरमन काका त्या मानाने सौम्यच. पण पुरावा जिथे बोट दाखवत होता तिथेच कारवाई गेली, झाकणापाशी. मुंबईतले माझे चुलत दीर सांगतात, आजही टाकीला डास शिरणार नाही असं झाकण आणि वर चढायला शिडी नसली तर नोटीस हातात पडते. आणि गडचिरोली घ्या, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून घरातच नवजात बाळांची काळजी घेतली, काळजी घेतलेली ३९ गावं आणि तुलनेला ४७ गावं, दोन्हीकडचा जन्म-मृत्यूचा हिशोब चोख, १९९९ ला पेपर आला आणि २०११ मध्ये देशभरातल्या आशा ताईंच्या कामात ते अधिकृतपणे शिरलं. १२ वर्षं लागली, पण शिरलं. तिथेही मुळाशी बाईच्या हातातली वहीच होती.

उलट बाजूही लिहिते नाहीतर तुम्ही म्हणाल ही रजिस्टरच्या प्रेमात पडलीय (पडलेय थोडी). अळ्यांच्या ह्या टक्केवारीवरून साथ येणार की नाही हे नेमकं सांगता येत नाही, २०१४ च्या एका आढाव्यात तसा ठोस संबंध हाती लागला नाही. टक्केवारी कमी असून डेंग्यू आलाय आणि जास्त असून नाही आला असं होतं, कारण मोठे डास किती, लोकांमध्ये प्रतिकारशक्ती किती, कोण कुठून ताप घेऊन आलं, बऱ्याच भानगडी. म्हणून अर्धा स्टार कापला. शिवाय ताई टार्गेटच्या गडबडीत गच्च्या सोडतात, आमची गच्ची मी मागे लागले म्हणून बघितली. पण पुढची खेप कुठल्या गल्लीत न्यायची, धुराच्या गाडीने की पिंपाच्या झाकणाने, एवढं ठरवायला तो कागद पुरून उरतो.

इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात डासांमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू घालून (तो असला की डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही) डास सोडले, २०२१ मध्ये निकाल आला, डेंग्यू ७७ टक्के कमी. आपल्या पुदुचेरीच्या आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) केंद्रानेही तसे डास तयार केलेत. हे मी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले मॅडम, डास मारायचे सोडून डास सोडायला आलो तर लोक मला सोडणार नाहीत. ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग झालं काय शेवटी, ते सांगते. साहेबांनी माझ्या गोषवाऱ्याची झेरॉक्स ठेवून घेतली आणि पुढचे दोन आठवडे ताईंची टीम शाळेमागच्या वस्तीत लावली. पिंप ओता नाही म्हणाल्या, झाका म्हणाल्या. जुन्या सुती साड्यांचे चौकोन फाडून तोंडावर टाकायचे आणि वरून सायकलची जुनी ट्यूब कापून इलास्टिकसारखी घट्ट बसवायची, ही आयडिया वस्तीतल्याच एका आजीची, मला वाटतं पूर्ण सीझनमधला सगळ्यात स्वस्त आणि शहाणा निर्णय तो होता. आमच्या लिफ्टमध्ये मी दर रविवारी कागद लावते, किती घरं बघितली, किती दूषित, फ्लॅट नंबर न टाकता. पहिल्या रविवारी ५, मग ४, मग २. ताप कमी झाला का, तर झाला, पण तोपर्यंत थंडीही पडायला लागली होती, त्यामुळे श्रेय घेणार नाही, ऑडिटवाली आहे.

धुराला दीड स्टार का, शून्य का नाही, तर अर्धा तत्परतेचा आणि एक त्या रुमालवाल्या मुलाचा. त्याला मी विचारलं होतं, रोज एवढा धूर तुझ्या छातीत जातो, काही त्रास? म्हणाला काकू, सवय झाली. मास्क मागितला की म्हणतात स्टॉक आला नाही. दीडातला तो एक स्टार कृपया त्याच्या नावावर जमा करा.

नोव्हेंबरच्या शेवटी ताईंचं मानधन संपलं. रजिस्टर जमा करायला चालल्या होत्या, मी अडवून शेवटच्या पानाचा गोषवारा त्यांच्याकडूनच भरून घेतला, त्यांच्याच अक्षरात, आणि खाली सही घेतली. पुढच्या जूनमध्ये त्याच येतील का माहीत नाही. धुराचं मशीन बाराही महिने तिथेच असतं. काल संध्याकाळी पावणेसातला आलं होतं, मी वरण-भात झाकला आणि खिडकी उघडी ठेवली, समोरच्या वहिनी ओरडल्या वेड लागलंय का तुम्हाला.

३०२ ची किल्ली अजून आलेली नाही.